जयंतीचा दिवस कायद्यात कसा बसवायचा?

नमस्कार मंडळी,

बाबासाहेबांच्या जयंतीला सरकारदरबारी मान मिळावा म्हणून ठिकठिकाणी आपली माणसं धडपडतात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०२१ मध्ये १४ एप्रिल हा त्यांच्या नावाने समता दिन घोषित केला, तेव्हा सगळ्यांनाच भरून आलं. पण घोषणापत्र बहुधा त्या वर्षापुरतं असतं, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा लागतो. सभागृहाच्या ठरावाला वजन जास्त, तरी तोही कायदा नव्हे. दिवस कायमचा हवा असेल तर विधेयकच आणायला हवं.

त्याचा नमुना आपल्या कॅलिफोर्नियातच आहे: ३० जानेवारी, फ्रेड कोरेमात्सू दिन. ओकलंडमध्ये जन्मलेल्या या जपानी वंशाच्या वेल्डरने १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकार जपानी वंशाच्या लोकांना डांबत होतं तेव्हा, नजरकैदेच्या छावणीत जायला नकार दिला. अटक झाली. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते ६ विरुद्ध ३ मतांनी हरले. सरकारने न्यायालयापासून पुरावे दडवल्याचं पुढे उघड झालं आणि १९८३ मध्ये त्यांच्यावरचा दोष रद्द झाला.

त्यांच्या दिनाचं विधेयक, एबी (असेंब्ली बिल) १७७५, गव्हर्नर श्वार्झनेगर यांच्या सहीने २३ सप्टेंबर २०१० रोजी कायदा झालं आणि २०११ पासून दिन सुरू झाला. त्याची शब्दरचना फार विचारपूर्वक केलेली आहे. गव्हर्नरने हा दिवस दरवर्षी घोषित करायचाच, पण शाळांना फक्त प्रोत्साहन: कोरेमात्सूंचं जीवन आणि नागरी स्वातंत्र्याचं मोल मुलांपुढे मांडा. शाळांवर सक्ती केली असती तर राज्यघटनेप्रमाणे तो खर्च राज्याला भरून द्यावा लागला असता. पगारी सुट्टी मागितली की आकडा आणखी फुगतो. अशी विधेयकं खर्च तपासणाऱ्या अ‍ॅप्रोप्रिएशन्स समितीतच अनेकदा अडकून पडतात. म्हणून सुट्टीचा हट्ट धरू नका, शाळेचा तास मिळवा.

विधेयक आमदारच मांडू शकतो, आपलं मराठी मंडळ त्याचं स्पॉन्सर, म्हणजे पुरस्कर्तं, होऊ शकतं. मांडण्याची मुदत साधारण फेब्रुवारीत संपते, म्हणून आमदाराच्या कार्यालयात दिवाळीच्या सुमारासच जा. मसुदा, एक पानी माहितीपत्रक आणि पाठिंबा देणाऱ्या संस्थांची यादी सोबत न्या. त्या यादीत फक्त मराठी नावं असली तर ती अपुरी समजा. शिक्षक, ग्रंथपाल, इतर समाजांच्या संस्था हव्यातच. विधेयक सादर झाल्यावर सहसा ३० दिवस समिती ते सुनावणीला घेत नाही. पाठिंब्याची पत्रं त्या काळात विधिमंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवर चढवा, सुनावणीच्या आदल्या दिवशी आलेलं पत्र समितीच्या विश्लेषणात येत नाही. सुनावणीत मुख्य साक्षीदार बहुधा दोनच, प्रत्येकाला दोनेक मिनिटं. बाकीच्यांनी माइकपाशी नाव, संस्था आणि ‘पाठिंबा’ एवढंच सांगून बाजूला व्हायचं. तिथे चरित्र सांगत बसलात तर अध्यक्ष थांबवतात. पुढे विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत, असेंब्लीत ८० पैकी ४१ आणि सेनेटमध्ये ४० पैकी २१, मतं लागतात.

मंडळ ५०१ सी ३, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, असेल तर खजिनदारांनी अमेरिकी करखात्याचा (आयआरएस) फॉर्म ५७६८ आधीच भरावा. म्हणजे लहान संस्थेला आपल्या कार्यखर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम अशा कामावर, म्हणजे कायद्यासाठी आमदारांकडे पाठपुरावा करण्यावर (लॉबिंग), लावता येते. आमदाराच्या निवडणूक प्रचाराला मात्र मंडळाचा एक डॉलरही जाता कामा नये.