बोटीवरचा मानपान

श्रोतेहो, नमस्कार.

माझी थोरली बहीण आणि भावजी न्यू जर्सीला राहतात. भावजी निवृत्त झाले आणि दोघांना क्रूझचं वेड लागलं, ते काही अजून उतरलेलं नाही. मागच्या खेपेला आम्ही उभयता तिकडे गेलो, तेव्हा त्यांनी आम्हालाही सात रात्रींच्या सफरीला नेलं. फ्लोरिडातल्या एका बंदरावरून बोट सुटायची होती. कंपनी कुठली ते मी सांगणार नाही. भावजी हे भाषण ऐकणार आहेत आणि त्यांना पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच जायचंय.

बंदरावर दोन रांगा होत्या. एक आमच्यासारख्यांची, नागमोडी, पोराबाळांची. दुसरी मानकऱ्यांची, तोंडाशी चकचकीत खांब आणि जाडजूड निळी दोरी. वारंवार येणाऱ्या प्रवाशांना कंपनी मानाच्या पायऱ्या देते, भावजी त्यातल्या बऱ्याच वरच्या पायरीवर पोचलेले. त्यांनी ताईला घेतलं, दोरीपलीकडे पाऊल टाकलं आणि मागे वळून मला म्हणाले, "तुम्ही या सावकाश."

आम्ही अर्ध्या तासात बोटीवर. वरच्या मजल्यावर जेवणाचं दालन उघडलं होतं, तिथं ताट वाढून घेतलं, जेवलो. मी दुसऱ्यांदा गोड घ्यायला उठले तेव्हा भावजी आले. घामाघूम, कपाळाला आठ्या. त्या दिवशी मानकरीच इतके निघाले की त्यांची रांग आमच्यापेक्षा लांब झाली होती. ताई मागून हसत येत होती. तिच्याकडे बघण्याची माझी हिंमत झाली नाही.

तर आज बोलायचंय ते या मानपानाबद्दल. लग्नात व्याह्यांना पहिली पंगत का, विहिणीची साडी कितीची, यावरून आपल्याकडे रुसवेफुगवे होतातच. बोटीवरही होतात. फरक एवढाच, की तिथं रुसायला आकडा लागतो.

आकडा कसा जमतो ते सांगते. रॉयल कॅरिबियन ही अमेरिकेतली मोठी कंपनी. तिच्या या मानपानाच्या योजनेचं नाव क्राउन अँड अँकर सोसायटी. बोटीवर झोपलात की एका रात्रीला एक पॉइंट. ३ पॉइंटला गोल्ड, ३० ला प्लॅटिनम, ५५ ला एमराल्ड, ८० ला डायमंड, १७५ ला डायमंड प्लस आणि ७०० ला पिनॅकल. म्हणजे शिखरच. सात-सात रात्रींच्या सफरी धरल्या तर शंभर सफरी. डायमंडला रोज चार पेयं फुकट, प्लसला पाच, पिनॅकलला सहा. शंभर सफरी करून माणूस त्या सहाव्या पेल्यापर्यंत पोचतो, तोवर डॉक्टरांनी पहिलाच बंद केलेला असायचा.

खिडकी नसलेल्या आतल्या केबिनमध्ये झोपलात काय नि बाल्कनीच्या केबिनमध्ये काय, रात्रीला पॉइंट एकच. हे मला आवडलं. शाळेतली शिक्षिका आणि बंगलेवाला वकील यांची रात्र सारखी मोजली जाते. सुइट, म्हणजे ऐसपैस महागडी केबिन, घेतलात तर मात्र दोन पॉइंट, म्हणजे समता सुइटच्या दारापर्यंतच. आणखी एक नियम आहे, तो मला सगळ्यात न्याय्य वाटतो. एकट्यानं प्रवास करणाऱ्याला बहुतेक वेळा अख्ख्या केबिनचं, म्हणजे जवळजवळ दोघांचं भाडं भरावं लागतं. असं भाडं भरलं तर रात्रीमागे एक पॉइंट जास्त मिळतो. नवरा गेल्यावर एकटीनं फिरणाऱ्या कितीतरी बायका या बोटींवर दिसतात. त्यांचे पैसे काही कोणी परत करत नाही, पण दोघांचे पैसे भरले याची निदान नोंद तरी होते.

एका पत्त्यावर राहणाऱ्या नवरा-बायकोला मान एकच, ज्याची पायरी वरची तोच दोघांना. कार्निव्हल या दुसऱ्या मोठ्या कंपनीत तसं नव्हतं, ज्याचे त्याचे पॉइंट वेगळे. नोकरीमुळे बायको दोन सफरी चुकली तर नवरा डायमंड आणि ती प्लॅटिनम. आता अशा घरात रात्रीच्या जेवणाला काय बोलणं होत असेल!

तुम्ही म्हणाल, बोटीवर वर्ग कधी नव्हते? भाऊच्या धक्क्यावरून कोकणात नि गोव्याला बोटी जायच्या, तेव्हाही वरचा डेक होता आणि खालचा डेक होता. खरंय. पण वरच्या डेकचं तिकीट काढलं की माणूस वरच्या डेकवर, बस्स. आज काय दिलंत त्यावर आजची जागा. ही नवी व्यवस्था म्हणते, आजवर किती आलात ते बघू. तिला ते निष्ठा म्हणतात. आणि निष्ठा म्हटली, की देणाऱ्याच्या मनात एक वचन तयार होतं, कंपनीनं ते छापलेलं असो वा नसो.

मला एक साधी कसोटी सुचली, ती आमच्या त्या सफरीतच. मानकऱ्याला मिळणाऱ्या गोष्टी दोन जातींच्या असतात. एक, ज्यांचा खर्च कंपनी सोसते. कपडे धुऊन मिळणं, पेयं, फोटो, इंटरनेटवर सूट. आमच्या भावजींना एक धुण्याची पिशवी फुकट होती. पिशवीत मावतील तेवढे कपडे! भावजींनी पलंगावर सगळे शर्ट पसरले, एकावर एक ठेवून अळूवडीसारखे घट्ट गुंडाळले आणि गुडघ्यानं दाबून पिशवीत कोंबले. माझ्या यजमानांचे दोन बनियनही त्यातच गेले. याबद्दल माझी काही तक्रार नाही. कंपनी देते, हे घेतात, बाकीच्यांचं काही जात नाही.

दुसरी जात वेगळी. तिचा खर्च शेजारी सोसतो. ग्रँड केमन बेटावर मोठी बोट धक्क्याला लागत नाही. ती समुद्रात नांगर टाकते आणि लोकांना लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. या होड्यांना टेंडर म्हणतात. पहिल्या होड्या मानकऱ्यांच्या. बेटावर मुक्काम जेमतेम सहा-सात तासांचा. आमच्या सफरीत एक आई दोन लहान मुलांना घेऊन, फुगवलेल्या पट्ट्या त्यांच्या दंडाला आधीच चढवून, जिन्यापाशी तासभर बसली होती. तिच्यासमोरून पायरीवाले उतरत होते. त्यांना मिळालेला तास कंपनीच्या गोदामातून आलेला नव्हता, त्या बाईच्या दिवसातून आला होता. तिनंही तिकिटाचे पैसे भरलेच होते की. इथं मला ही पद्धत चुकते असं वाटतं. आणि गंमत बघा, पहिल्या जातीला कंपनीचे पैसे लागतात, दुसरी कंपनीला फुकट पडते.

आता भावजींची रांग लांब का झाली त्याकडे येते. बहुतेक जुन्या योजनांत एकदा मिळालेली पायरी जन्मभर राहते. माणसं निवृत्त होतात, फिरतात, पॉइंट साठत जातात, कमी कधीच होत नाहीत. वीस-तीस वर्षांत मानकऱ्यांची फौज उभी राहते. पंगतीत सगळेच जावई बसले तर वाढायचं कोणी आणि आग्रह कोणाला करायचा? कंपन्यांचा हा पेच खोटा नाही.

त्यावर कार्निव्हलनं जो तोडगा काढला, त्यानं २०२५ च्या जूनमध्ये मोठी खळबळ उडाली. कार्निव्हलचं जुनं गणितही रात्रींचं होतं. ७५ रात्रींना प्लॅटिनम, २०० ला डायमंड, आणि ते कायमचं. नवी योजना जून २०२६ पासूनची म्हणून जाहीर झाली, ती खर्चावर बेतलेली. एका डॉलरला तीन तारे. डायमंडसाठी एक लाख तारे, म्हणजे तेहतीस हजार डॉलरच्या वर, आणि तेही दोन वर्षांत. मिळालेला मान टिकवायचा तर पुन्हा खर्च. जुन्या डायमंडवाल्यांसाठी वेगळी तरतूद होती, पण नव्वद-शंभर रात्रींवर पोचलेल्या मधल्या माणसाचं काय? त्यानं दरवर्षी रजा वाचवून, स्वस्तातली आतली केबिन घेऊन, एक एक रात्र जोडली होती. त्याला आता सांगायचं, की रात्री मोजणं बंद, पाकीट दाखव.

ही कल्पना विमानवाल्यांकडून आली. अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१ मध्ये प्रवासी किती मैल उडाला ते मोजायला सुरुवात केली आणि सगळ्यांनीच तो धडा गिरवला. पुढे मैल मागे पडून डॉलर मोजणं आलं. डेल्टा या विमान कंपनीनं २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मानाचे नियम फार कडक केले, तेव्हा प्रवासी इतके चिडले की महिनाभरात कंपनीला ते सैल करावे लागले. चिडण्याचा उपयोग होतो, हे त्या निमित्तानं दिसलं.

खर्च मोजणं मुळातच अन्याय आहे असं मी म्हणत नाही. जो दुकानात जास्त पैसे देतो त्याला वाणी चहा पाजतो, त्यात काय वावगं? हॉलंड अमेरिका ही कंपनी दोन्ही मोजते. बोटीवरचे दिवस तर धरतेच, शिवाय बोटीवर ३०० डॉलर खर्च केले की एक दिवस जास्तीचा. दिवस भरत गेले की बिल्लाही देतात, १०० दिवसांना ब्राँझचा, ३०० ला चांदीचा, असे. सत्तरी उलटलेले आजोबा तो बिल्ला घ्यायला कोट घालून उभे राहतात म्हणे, आणि मला त्याचं हसू येत नाही. माझं म्हणणं एवढंच, की मोजपट्टी बदलायची तर पुढच्या कापडाला लावा. शिवून झालेल्या सदऱ्याला नको.

आणि याच धंद्यात दुसरीकडे काय चालतं पाहा. एमएससी ही कंपनी अनेक वर्षं दुसरीकडची पायरी मान्य करत आलीय. एखाद्या हॉटेलच्या साखळीत तुमचा वट असेल तर अर्ज भरा, त्याला साजेशी पायरी मिळते. बोटीवर एकही रात्र न काढता! तिच्या धंद्याच्या दृष्टीनं हे शहाणपणाचंच आहे, दुसऱ्याचं गिऱ्हाईक ओढायचंय तर गूळ दाखवायला हवा. पण मग त्याला निष्ठा म्हणू नये. पळवापळवी म्हणावं, कोणाला राग येणार नाही.

आमची केबिन आवरायला एक मुलगा यायचा. टॉवेलचा हत्ती करून ठेवायचा, एक दिवस माकड केलं नि पडद्याच्या दांडीला टांगलं. आम्ही आपसात मराठीत बोलतोय हे ऐकून तिसऱ्या दिवशी त्यानं दारातूनच विचारलं, "काकू, तुम्ही कुठल्या?" तो निघाला वेंगुर्ल्याचा. कोकणातली आणि गोव्याची कितीतरी पोरं या बोटींवर आहेत. आठ महिन्यांचा करार, मग घरी दोन महिने, की पुन्हा बोट. आंतरराष्ट्रीय नियमानं आठवड्याला ७२ तासांपर्यंत काम चालतं. रविवारची सुट्टी म्हणून काही नसते. प्रवाशाकडून रोज माणशी सोळा ते वीस डॉलरच्या आसपास बक्षिशी बिलातच लावतात, त्यावर यांची मिळकत बरीचशी अवलंबून.

त्याला मी भावजींची रांगेची गोष्ट सांगितली. तो हसला. उशीचा अभ्रा झटकत म्हणाला, "काकू, माझा हा तिसरा करार. माझे पॉइंट किती झाले असते, सांगा बघू."

मी हिशोब केला. आठ महिने म्हणजे २४० रात्री. चालू करार पुरा धरून गुणिले तीन, ७२०. रॉयल कॅरिबियनच्या तक्त्यात बसवलं तर पोरगा शिखराच्याही वर वीस रात्री गेला होता. मी त्याला आकडा सांगितला. "मग माझी लाँड्री फुकट?" असं म्हणून त्यानं भावजींसाठी आणलेली ती धुतलेली कपड्यांची थप्पी माझ्या हातात दिली. वर यजमानांचे दोन बनियन, इस्त्री केलेले.

शेवटच्या दिवशी सकाळी उतरताना पुन्हा तेच. मानकऱ्यांना वेगळ्या दालनात बसवून, कॉफी देऊन, सगळ्यांच्या आधी उतरवलं. आम्हाला सामानाला बांधायला तेवीस नंबरची चिठ्ठी मिळाली होती. एकवीस, बावीस असे पुकारे होत होत आमची पाळी यायला पावणेदहा वाजले. बाहेर आलो तर भावजी वाहनतळावर सूटकेस आडवी टाकून तिच्यावर बसले होते. दीड तास. चौघांची गाडी एक, आणि किल्ली आमच्या पिशवीत राहिली होती.

मी म्हटलं, "भावजी, लवकर उतरून काय मिळवलंत?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर त्यांचा नवा आकडा आला होता. पुढच्या पायरीला फक्त सहा रात्री कमी होत्या.

नमस्कार.