शेजारच्या शब्दांकडे बघा

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्रजीच्या अभ्यासात एक प्रश्न हमखास भेटतो: अधोरेखित शब्दाची जात ओळखा. बरीच मुलं तेवढ्या शब्दाकडे बघून उत्तर लिहितात आणि मार्क घालवतात. कारण इंग्रजीत सुटा शब्द पाहून त्याची जात अनेकदा सांगताच येत नाही.

'राउंड' हा शब्द घ्या. 'अ राउंड टेबल' म्हटलं की तो विशेषण. 'द फर्स्ट राउंड', म्हणजे स्पर्धेची पहिली फेरी, तिथे नाम. 'टु राउंड द कॉर्नर', कोपरा वळून जाणं, इथे क्रियापद. 'शी टर्न्ड राउंड', ती मागे वळली, क्रियाविशेषण. आणि 'दे सॅट राउंड द फायर', ते शेकोटीभोवती बसले, इथे शब्दयोगी अव्यय. पाच जागा, पाच कामं.

मराठीत आपल्याला प्रत्यय सांभाळून घेतात. 'रामाने रावणाला मारलं' हे 'रावणाला रामाने मारलं' असं फिरवा, मरतो रावणच. संस्कृतात तर पाणिनीने प्रत्ययांवरूनच पदांचे दोन प्रकार केले, सुबंत, म्हणजे नामांना लागणारे प्रत्यय असलेली, आणि तिङंत, म्हणजे क्रियापदांचे प्रत्यय असलेली. इंग्रजीत मात्र 'राम किल्ड रावण' यातली नावं अदलाबदल केलीत, तर रामायणच उलटं होईल! हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही प्रत्यय होते, बरं का. प्रेम या नामाला तेव्हा 'लुफु' म्हणत आणि प्रेम करण्याला 'लुफियन'. पुढे शब्दांचे शेवट बोलण्यात झिजले आणि दोन्हींचं 'लव्ह' झालं. प्रत्ययांचं काम मग बरंचसं शब्दाच्या जागेवर आलं.

म्हणून शेजार बघायचा. आधी 'द', 'अ' किंवा 'माय' असेल, तर पुढे कुठेतरी नाम येणार. 'कॅन' किंवा 'विल' असेल, तर क्रियापद. 'व्हेरी' लावून बघा: 'व्हेरी टॉल' चालतं, म्हणून 'टॉल' विशेषण. 'स्टोन वॉल'मधला 'स्टोन' विशेषणासारखा दिसतो, पण 'व्हेरी स्टोन' कुणी म्हणत नाही. आजचे बरेच व्याकरणकार त्याला नामच मानतात, जुनी पुस्तकं विशेषण म्हणतात. परीक्षेत आपल्या बाई सांगतील तसं लिहावं, वाद निकालानंतर घालावा.

खरा घोळ होतो तो क्रियाविशेषण आणि शब्दयोगी अव्यय यांच्यात. इथे मराठी उपयोगी पडते. 'तो खाली बसला' यात 'खाली' सुटं, 'तो झाडाखाली बसला' यात नामाला चिकटलेलं. इंग्रजीत चिकटवून लिहीत नाहीत, म्हणून पुढचं नाम त्या शब्दाशी बांधलेलं आहे का, ते तपासायचं. 'ही फेल डाउन' यात पुढे काहीच नाही, म्हणून क्रियाविशेषण. 'ही रॅन डाउन द हिल' यात 'डाउन' टेकडीशी बांधलेला, म्हणून शब्दयोगी. पण 'ही टर्न्ड डाउन द ऑफर'? नाम पुढे आहे, तरी हा 'डाउन' क्रियापदाचा जोडीदार आहे, कारण त्या दोघांचा मिळून अर्थ होतो नाकारणं. ओळखायचं कसं? नामाच्या जागी 'इट' घाला. 'टर्न्ड इट डाउन' असं तो मध्ये जाऊन बसतो. टेकडीवरून धावताना मात्र 'रॅन डाउन इट' असंच म्हणावं लागतं.

आता रेडिओवरच सांगण्यासारखी एक खूण, कानाने ओळखायची. 'रेकर्ड', जोर सुरुवातीला, हे नाम. 'रिकॉर्ड', जोर शेवटी, हे क्रियापद. तसंच 'प्रेझंट' म्हणजे भेटवस्तू आणि 'प्रिझेंट' म्हणजे सादर करणं. मोठ्याने म्हणून बघा, घरात कुणी हसलं तरी चालेल. फक्त हा नियम सगळीकडे लावू नका. 'रिपोर्ट' नाम असो की क्रियापद, जोर शेवटच्या भागावरच राहतो.