श्वास घ्यायला जागा नसलेली गाणी

[दृश्य: तोक्यो, संध्याकाळ. स्टेशनबाहेरची उंच इमारत, मजल्यामजल्यावर कराओकेच्या झगमगत्या पाट्या.]

जपानमध्ये शाळेची परीक्षा संपली की मुलं जातात कुठे? गणवेशातच, खांद्याला दप्तर, थेट कराओकेला. चार-पाच जण मिळून एक खोली घेतात. भिंतीला टेकून सोफा, मध्ये टेबल, समोर पडदा, दोन माइक आणि कुणीतरी वाजवेल म्हणून ठेवलेली एक खंजिरी. भाडं माणशी, अर्ध्या तासाच्या हिशेबानं. विद्यार्थ्यांना सवलत. मशीनमधून हवं तितक्यांदा भरून घ्यायचं हिरवंगार मेलन सोडा. तोक्योत अठराच्या आतल्या मुलांना रात्री 11 नंतर इथे बसता येत नाही, म्हणून त्यांची गर्दी दुपारपासूनच सुरू होते.

आपल्याकडे कराओके म्हटलं की निवृत्त मंडळींचा ग्रुप आठवतो. भाड्याचा हॉल, मोबाइलवर ट्रॅक आणि किशोरकुमारची ओळीनं आठ गाणी. जपानमध्येही सुरुवात मोठ्या माणसांपासूनच झाली, तीही बारमध्ये.

[दृश्य: कोबे शहर, जुनी छायाचित्रं.]

कोबेमध्ये दाइसुके इनोउए नावाचा एक साथीदार होता. बारमध्ये गिऱ्हाईक गायला उभं राहिलं की हा मागे वाजवायचा. गाणारा लयीत घसरला, की हाही त्याच्याबरोबर घसरायचा. त्यामुळे बेसुऱ्यांचा तो फार लाडका! अशाच एका कंपनीच्या मालकाला सहलीत गायचं होतं. इनोउएला जाणं जमेना, म्हणून त्यानं मालकाच्या पट्टीत, मालकाच्या लयीत साथ टेपवर भरून दिली. त्यातून 1971 मध्ये त्याचं नाण्यावर चालणारं यंत्र आलं: ‘एट ज्यूक’. सुरुवातीला 11 यंत्रं बनवली. पेटंट मात्र घेतलं नाही. त्याच्या आधी, 1967 मध्ये, तोक्योच्या शिगेइची नेगिशी यांनीही असं यंत्र बनवलं होतं, त्यामुळे पहिला मान कुणाचा हा वाद आहेच. आपल्याला इथे महत्त्वाचं एवढंच की यंत्र गाणाऱ्याला सांभाळून घेण्यासाठी जन्माला आलं.

मुलं यात आली ती जागा बदलल्यावर. 1985 च्या सुमारास ओकायामाकडे मालवाहतुकीच्या जुन्या कंटेनरमध्ये कराओकेच्या खोल्या थाटल्या गेल्या. बार नाही, अनोळखी श्रोते नाहीत, दार लावलं की आपणच आपले. पातळ भिंतींच्या घरात मोठ्यानं गायची चोरी असलेल्या पोरांना आणखी काय हवं? मग 1992 मध्ये टेलिफोनच्या तारेवरून गाणी यायला लागली. आधी गाणं चकतीवर छापून दुकानात पोचेपर्यंत शिळं व्हायचं. आता कुणीतरी मूळ गाणं कानानं ऐकून, एकेक वाद्य उतरवून त्याचा संगणकी आराखडा बनवतं आणि तो सगळ्या दुकानांत एकदम पोचतो. आराखडा आकारानं अगदी छोटा, त्यामुळे चार चाहत्यांचं गाणंसुद्धा यादीत बसतं.

[दृश्य: टेबलावरचा टॅब्लेट, त्यावर गाणी शोधणारी बोटं.]

आता या यादीत काय आहे ते पाहू. 1995 चं ‘झान्कोकु ना तेन्शी नो तेझे’ अजून टिकून आहे. ‘इव्हान्गेलिऑन’ या ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेचं हे शीर्षकगीत योको ताकाहाशीनं गायलं, तेव्हा आज ते गाणाऱ्या मुलांचा जन्मही झाला नव्हता. पण किशोरवयीनांच्या यादीचा खरा कणा वेगळा आहे आणि त्याच्या मुळाशी एक बिनमाणसाचा आवाज आहे.

ऑगस्ट 2007 मध्ये साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया कंपनीनं ‘हात्सुने मिकू’ बाजारात आणली. मिकू म्हणजे आवाजाचं सॉफ्टवेअर. सूर आणि शब्द भरा, ती गाते. घरात एकट्या बसलेल्या पोरांना गायिका मिळाली आणि त्यांनी तिच्यासाठी वाट्टेल ते लिहिलं. तिला दम लागत नाही, घसा बसत नाही, वरच्या पट्टीची भीती नाही. मग एका ओळीत कोंबता येतील तितकी अक्षरं कोंबली, खालच्या सुरावरून एकदम वर उडी मारली आणि दोन ओळींमधली फट बुजवून टाकली. माणसानं हे गावं असं कुणाच्या मनातही नसेल. पण नेटवर पोरं ती गाणी गाऊन टाकू लागली.

पुढे हेच रचनाकार माणसांसाठी लिहू लागले. ‘लेमन’ या गाण्याचे केन्शी योनेझु आधी ‘हाची’ या नावानं मिकूसाठी गाणी करायचे. ‘योआसोबी’ या जोडीतला आयासे त्याच वाटेनं आला. ‘उस्सेएवा’ लिहिणारा स्युदोही तिथलाच. हे गाणं आदो नावाच्या मुलीनं गायलं. ती सुरुवातीला घरातल्या कपाटात बसून रेकॉर्डिंग करायची. ‘उस्सेएवा’ आलं 23 ऑक्टोबर 2020 ला, तिच्या अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. शीर्षकाचा अर्थ साधारण ‘गप बसा हो!’ शाळकरी मुलं बेंबीच्या देठापासून ते ओरडू लागली आणि पालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. गाणं पसरायला एवढं पुरेसं असतं.

[दृश्य: तीन मुली, दोन माइक.]

योआसोबीचं 2023 चं ‘आयडॉल’ ऐकून पाहा. मध्ये रॅप, मग गोड सूर, मग सुसाट धृपद. एका गळ्याला झेपत नाही. म्हणून मुली आपसांत वाटून घेतात: रॅप एकीला, वरचे सूर दुसरीला, मधले पुकारे सगळ्यांना. मुलगे टॅब्लेटवर पट्टी चार घरं खाली घेतात. त्यात लाज कसली? पडद्यावर शब्दांचा रंग लयीबरोबर सरकत जातो आणि अवघड कांजीच्या, म्हणजे चित्रलिपीतल्या अक्षरांच्या, डोक्यावर बारीक हिरागानात, म्हणजे सोप्या उच्चारलिपीत, वाचन लिहिलेलं असतं, त्यामुळे वाचता न येण्याची सबब चालत नाही.

आणि गुण! साथ धरायला आलेलं यंत्र आता परीक्षक झालंय. सूर कुठे लागायला हवा त्याच्या पट्ट्या पडद्यावर येतात, तुमचा सूर त्यांवर उमटतो. आवाजाचं आंदोलन किती, खालून सूर घेत किती वेळा चढलात, लांब सूर स्थिर राहिला का, सगळ्याची मोजदाद. गुण शंभरपैकी, तीन दशांश स्थळांपर्यंत. टीव्हीवरच्या अशा स्पर्धांत खुद्द मूळ गायकालाही आपल्याच गाण्यात शंभर मिळत नाहीत, असे प्रसंग घडलेत. यंत्राला भाव कळत नाही हे तर उघडच आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलाला 92.4 वरून 93.1 वर जायचं असतं. त्यासाठी तो एकटाच खोली घेऊन एकच गाणं पुन्हा पुन्हा गातो. एकट्यानं गाण्याला ‘हितोकारा’ म्हणतात आणि 2011 पासून तोक्योत फक्त एकट्यांसाठीची दुकानंही निघाली.

सगळीच गाणी अशी चढणीची नाहीत. बाउंडी या गायकाचं ‘काइजू नो हानाउता’ 2020 चं. त्याचं धृपद खोलीतल्या सगळ्यांनी एकदम ओरडण्यासाठीच आहे, तिथे सूर चुकला तरी कळत नाही. मार्चमध्ये शाळेचा निरोप समारंभ झाला की रेमिओरोमेन या बँडचं ‘सान्गात्सु कोकोनोका’ निघतं. नाव ‘9 मार्च’, मुळात मित्राच्या लग्नासाठी लिहिलेलं. पुढे ते शाळांनी उचललं आणि आता त्यावर दहावी-बारावीच्या वयाची मुलं रडतात. ओकिनावाच्या ‘मोंगोल 800’ या बँडचं 2001 चं ‘चिइसाना कोइ नो उता’ तर वडील आणि मुलगा दोघांनाही पाठ.

पुण्यात जपानी शिकणारी पुष्कळ मुलं ॲनिमेच्या वाटेनं आलेली आहेत, त्यांना आमचा सल्ला: ‘आयडॉल’ला पहिल्याच दिवशी हात घालू नका. ओकिनावाच्या या गाण्यापासून सुरुवात करा. शब्द साधे, चाल मोकळी, धृपद सगळ्यांना येतं. जमलं की योआसोबीचं ‘योरु नी काकेरु’ घ्या आणि शेवटाकडे पट्टी बदलते तिथे गडबडू नका. तिथे भलेभले पडतात.