लाट चालताना पाहणं

पडद्यावर डावीकडून सरकत येणारा हा उंचवटा म्हणजे एका इलेक्ट्रॉनची लाट. समोर अडथळा. तो ओलांडण्याएवढी ऊर्जा या इलेक्ट्रॉनकडे नाही.

आता बघा. लाट भिडली, आणि तिच्यावर दाट कंगोरे उमटले: येणारी आणि परतणारी लाट एकमेकींत मिसळते आहे. बरीचशी लाट मागे फिरली. पण अडथळ्याच्या पलीकडे एक छोटा उंचवटा पुढे निघालाय. इलेक्ट्रॉन फुटलेला नाही. तो कुठे सापडेल याची संभाव्यता दोन्हीकडे वाटली गेली आहे. हेच टनेलिंग.

ही लाट कशी सरकते ते सांगणारं श्रोडिंगरचं समीकरण १९२६चं. १९६७ साली अब्राहम गोल्डबर्ग आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ते संगणकाकडून क्षणाक्षणाने सोडवून घेतलं आणि प्रत्येक क्षणाचा आलेख फिल्मवर उतरवला. फळ्यावर जे एका स्थिर चित्रात मावत नव्हतं, ते हललं.

पडद्यावर दिसतंय ते सिम्युलेशन ‘फेट’चं, म्हणजे विज्ञान शिकवायला अशी सिम्युलेशन बनवणाऱ्या प्रकल्पाचं. २००१चे नोबेल मानकरी कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. इथली पद्धत मला फार मोलाची वाटते. विद्यार्थ्याला सिम्युलेशनसमोर बसवायचं, मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं आणि ऐकायचं. तो अडला, तर बदल सिम्युलेशनमध्ये करायचा.

टनेलिंगमध्ये इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावतो, असं अनेक विद्यार्थ्यांना वाटतं. पुस्तकातल्या आकृतीत ऊर्जेची रेघ आणि लाट एकाच अक्षावर काढलेली असते; लाट खाली उतरली की ऊर्जाच घटल्यासारखी दिसते. म्हणून इथे तीन वेगळे आलेख आहेत: वर ऊर्जा, मध्ये लाट, खाली संभाव्यता. लाट लहान झाली, तरी वरची ऊर्जेची रेघ जागची हललेली नाही.

एवढ्याने गैरसमज सगळ्यांचा सुटत नाही. शिक्षकाने सोबत नेमका प्रश्न विचारावा लागतो.

आता फेटचंच दुसरं सिम्युलेशन: प्रकाशविद्युत परिणाम, म्हणजे प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन सुटणं, आपल्या बारावीच्या पुस्तकातला. सोडियमच्या पत्र्यावर लाल प्रकाश. तीव्रता शेवटपर्यंत वाढवली, तरी एकही इलेक्ट्रॉन निघत नाही. रंग निळ्याकडे सरकवला, तीव्रता अगदी कमी ठेवली, आणि इलेक्ट्रॉन सुटू लागले. हे दाखवायला एक संगणक पुरतो. फेटची सिम्युलेशन मोफत आहेत, आणि त्यातली कित्येक मराठीतही.