केसिंगबाहेरची जागा

मित्रहो, भूजलाच्या क्षेत्रात दोन कामं वेगवेगळी मानली जातात. एक पाणीपुरवठ्याच्या विहिरी बांधण्याचं, दुसरं दूषित झालेलं भूजल स्वच्छ करण्याचं. पहिल्या कामातली माणसं रिगवर, म्हणजे बोअर पाडणाऱ्या यंत्रावर, दुसऱ्यातली प्रयोगशाळेत आणि संगणकापुढे, असा सर्वसाधारण समज. मी आधी विहिरी बांधल्या आणि नंतर दूषित जागांवर कामाला गेले. दोन्हीकडे इतकी वर्षं काढल्यावर माझी पक्की खात्री आहे की हे एकच काम आहे, आणि त्याचा गाभा केसिंगच्या, म्हणजे विहिरीत उतरवलेल्या पाइपाच्या, आत नसतो, बाहेर असतो.

बाहेर म्हणजे कुठे? बोअर घेताना भोक केसिंग पाइपपेक्षा मोठं पाडावं लागतं. पाइप उतरवला की त्याच्याभोवती सगळीकडून एक उभी फट राहते. वाळूच्या जलधरात, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या थरात, विहीर असेल तर खालच्या भागात, जाळीच्या पाइपाभोवती, निवडलेली खडी भरतात. ही खडी अंदाजाने आणायची नसते. जलधरातली वाळू चाळून तिचा मधला आकार काढायचा, त्याच्या साधारण 4 ते 6 पट आकाराची खडी घ्यायची आणि त्या खडीचा सुमारे 90 टक्के भाग बाहेर अडेल एवढीच जाळीची फट ठेवायची. खडीच्या वर बेंटोनाइट. ही माती पाण्यात फुगते आणि फट घट्ट बुजवते. त्याच्या वर जमिनीपर्यंत ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण. हे सगळं मिळून विहिरीचं सील. ते बारीक नळी तळापर्यंत सोडून खालून वर भरत आणायचं. वरून ओतलं तर ते मध्येच अडकतं, खाली पोकळ्या राहतात आणि वरून बघणाऱ्याला फट भरलेलीच दिसते.

या व्यवसायातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे. वाईट सील असलेल्या विहिरीलाही पाणी लागतं, कधीकधी चांगल्या विहिरीपेक्षा जास्त लागतं, कारण वरच्या थरातलं पाणीही फटीतून आत उतरत असतं. विहीर घेणारा खूश असतो. चूक कळायची ती पुढच्या मोठ्या पावसात, किंवा कित्येक वर्षांनी.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या वॉकरटन गावाचं उदाहरण मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते. मे 2000 मध्ये तिथे मोठा पाऊस झाला आणि शेतातल्या शेणखतातले ई. कोलाय जिवाणू गावाच्या एका विहिरीत उतरले. त्या विहिरीचं केसिंग जमिनीखाली जेमतेम 5 मीटर होतं आणि पाणी त्याच्या लगेच खालच्या भेगाळलेल्या खडकातून येत होतं. क्लोरिनेशन आणि देखरेखही अपुरी होती. 7 माणसं दगावली, 2,300 हून अधिक आजारी पडली. पाण्यात क्लोरीन किती घातलं याची चर्चा खूप झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण विहीर बांधणाऱ्याने आधी केसिंगची खोली पाहावी. उथळ विहिरीतल्या पाण्याला जमिनीतून गाळून निघायला वेळच मिळत नाही.

जमिनीखालचं पाणी घेतलं की प्रश्न सुटला, असंही नाही. बांगलादेशात 1970च्या दशकापासून लाखो ट्यूबवेल बसवल्या गेल्या. तळ्यांच्या पाण्याने होणारे जुलाबाचे आजार टळावेत हा हेतू योग्यच होता. पण भूजलात नैसर्गिक आर्सेनिक होतं आणि 1993 मध्ये ते लक्षात आलं तोवर लोक वर्षानुवर्षं ते पाणी पीत होते. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लीटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. असंख्य विहिरींत त्याच्या अनेक पट आर्सेनिक आढळलं. म्हणून पाण्याची रासायनिक तपासणी झाल्याशिवाय विहीर पूर्ण झाली असं म्हणू नये. पाणी स्वच्छ दिसणं आणि चवीला गोड लागणं हा पुरावा नव्हे.

एक छोटी गोष्ट जाता जाता. विहिरीचा व्यास दुप्पट केला की पाणी दुप्पट, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात वाढ साधारण 10 टक्केच मिळते. तो पैसा जाळीवर आणि विहीर धुण्यावर घालवावा. बारीक गाळ निघून पाणी नितळ येईपर्यंत विहीर खळबळवत राहणं कंटाळवाणं काम आहे, पण विहिरीचं आयुष्य त्याच्यावर ठरतं.

आता दुसऱ्या बाजूला येऊ. धातूचे भाग धुण्यासाठी ट्रायक्लोरोइथिलीन नावाचं द्रावक जगभर वापरलं गेलं. ते पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड आहे. जमिनीवर सांडलं तर भूजलाच्या पातळीशी थांबत नाही, तसंच खाली बुडत जातं आणि चिकणमातीच्या थरावर साचतं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लीटरला 5 मायक्रोग्रॅम आहे. हिशोब मांडून बघा: 1 लीटर द्रावक जवळपास 29 कोटी लीटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं.

अशा जागी निरीक्षण विहीर, म्हणजे पाण्याचे नमुने घेण्यासाठीची विहीर, घ्यायला गेलेल्या रिगने ती चिकणमाती सरळ भोसकली, तर खालच्या स्वच्छ जलधराला वाट आपणच करून दिली. म्हणून आधी मोठं केसिंग चिकणमातीत रोवायचं, बाहेरून ग्राउट भरायचं, ते पूर्ण घट्ट होऊ द्यायचं आणि मग त्याच्या आतून लहान बोअर पुढे न्यायचा. वेळ लागतो, खर्च वाढतो, कामाच्या मालकाची कुरकुर ऐकावी लागते. इथे अजिबात माघार घेऊ नका.

दूषित पाणी उपसून, शुद्ध करून सोडायचं, हा सुरुवातीचा सरधोपट उपाय होता. 1994 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने अशा 77 जागांचा आढावा घेतला; 69 जागी उद्दिष्ट गाठलेलं नव्हतं. कारण मातीत आहे. द्रावक वर्षानुवर्षं चिकणमातीत मुरतं आणि वाळूतलं पाणी स्वच्छ झालं की हळूहळू परत बाहेर येतं. छताची गळती थांबवली तरी भिंतीची ओल लवकर जात नाही, तसं. तरीही उपसा निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. दूषित पाण्याचा पट्टा पाणीपुरवठ्याच्या विहिरींपर्यंत पोचू न देणं हे त्याचं काम, आणि ते तो चोख करतो.

नंतर जमिनीतच उपचार करण्याच्या पद्धती आल्या. पाण्याच्या वाटेत लोखंडाच्या किसाची भिंत घालतात आणि वाहता वाहता द्रावकाचं विघटन होतं. 1997 मध्ये डीहॅलोकोकॉइडिस गटातल्या एका जिवाणूचा शोध जाहीर झाला. तो या रेणूंमधले क्लोरीनचे अणू एकेक करून काढतो आणि शेवटी निरुपद्रवी इथिलीन उरतं. मात्र योग्य जिवाणू नसतील किंवा परिस्थिती पोषक नसेल तर काम अर्ध्यावर, व्हायनिल क्लोराइडवर अडतं, आणि त्यापासून कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे या जिवाणूंसाठीचा पोषक द्रव जमिनीत सोडण्याआधी आणि नंतर सतत नमुने घ्यावे लागतात. तो द्रव सोडायलाही विहीरच लागते. तिचं सील कच्चं असेल तर दाबाखालचा द्रव जलधरात जायचं सोडून केसिंगच्या कडेने वर जमिनीवर येतो. जीवशास्त्र कितीही पुढचं असो, गाडी अडते ती फटीपाशी.

या क्षेत्रात यायला भूशास्त्र, स्थापत्य, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांतली कुठलीही वाट चालेल. पहिली नोकरी मात्र शक्य झाल्यास रिगवरची घ्या. थर बदलला की हॅमरचा आवाज बदलतो, वर येणाऱ्या चुऱ्याचा रंग बदलतो, पाणी अचानक गायब होतं किंवा अचानक वाढतं. उत्तम रिगचालक हे तुमच्या आधी ओळखतो. त्याच्या शेजारी उभं राहून शिकायला लाज वाटू देऊ नका. पदवीधरांनी त्यांना कमी लेखलेलं मी पाहिलं आहे, आणि त्यात नुकसान पदवीधरांचंच झालं.

आणि नोंदवही नीट ठेवा. कुठल्या मीटरला कोणता थर, केसिंग कुठपर्यंत, बेंटोनाइट किती पोती, ग्राउट हिशोबाने किती लागायला हवं होतं आणि प्रत्यक्षात किती गेलं. कमी गेलं असेल तर आत पोकळी आहे; जास्त गेलं तर भेगेत किंवा ढासळलेल्या भागात मुरलं. हे त्याच दिवशी, रिगजवळ उभं राहून लिहायचं. दूषित जागेवर गेल्यावर आम्ही आजूबाजूच्या जुन्या विहिरींचे हेच कागद सगळ्यात आधी मागतो. ते सापडले तर कुठली विहीर वापरता येईल आणि कुठली तळापासून बुजवून बंद करायची, याचा निर्णय लवकर होतो. नाही सापडले तर प्रत्येक विहिरीत कॅमेरा आणि मोजणीची उपकरणं उतरवावी लागतात, आणि तोवर दूषित पाणी पुढे सरकत राहतं.