आधी बाग, मग पेला

नमस्कार श्रोतेहो.

संक्रांत झाली की मला मुंबई-ठाण्याकडच्या ओळखीपाळखीच्या लोकांचे फोन यायला लागतात. प्रश्न ठरलेला असतो. एका दिवसात नाशिकच्या वाइनरी बघून रात्री घरी परतता येतं का? मला विचारतात, कारण माझं माहेर निफाड तालुक्यातलं आणि घर द्राक्षबागायतदाराचं. लग्नानंतर गेली बावीस वर्षं मी डोंबिवलीत राहते, पण कॅलेंडर अजून बागेचंच चालतं. तर उत्तर असं की हो, येतं. सकाळी निघून रात्री जेवायला घरी येता येतं. फक्त माझी प्रत्येकाला एक अट असते. गेल्या गेल्या टेस्टिंगच्या टेबलाशी बसायचं नाही. आधी बागेत जायचं. ही अट मी का घालते, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

जायचं कधी, हे आधी सांगते. युरोपात द्राक्षं साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणीला येतात. तिकडे हिवाळ्यात वेल झोपतो, वसंतात जागा होतो. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून आपण त्याला दोनदा छाटतो. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, तिच्यात पुढच्या वर्षाची काडी तयार होते. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिच्यातून घड येतो. दोन छाटण्या आणि पीक एकच. त्यामुळे वाइनच्या द्राक्षांची तोडणी आपल्याकडे जानेवारी ते मार्चमध्ये होते. याच दिवसांत गेलात तर वेलीवर घड दिसतील, क्रेट उतरताना दिसतील, टाक्यांमध्ये रस आंबत असेल. जुलैत गेलात तर डोंगर हिरवेगार असतील, हवा सुंदर असेल, पण बागेत बघायला पानंच.

आता जायचं कसं. मुंबईहून नाशिक रस्त्याने पावणेदोनशे किलोमीटरच्या आत आहे. वाइनरी दोन-तीन पट्ट्यांत विखुरल्या आहेत. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क, सोमा. नाशिकच्या अलीकडे इगतपुरी तालुक्यात सांजेगावला ग्रोव्हर झाम्पा, कावनईला व्हॅलोने. शिवाय दिंडोरीचा पट्टा वेगळा. नकाशावर सगळं जवळजवळ दिसतं आणि लोक एका दिवसात चार ठिकाणं ठरवून निघतात. तसं करू नका. दोन पुरेत. एक मोठी, एक लहान. मोठ्या ठिकाणी यंत्रं आणि पसारा बघायला मिळतो, लहान ठिकाणी बोलायला माणूस मिळतो. शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळा. आणि हो, सव्वीस जानेवारीची सुट्टी बघून बेत आखू नका, त्या दिवशी ड्राय डे असतो. बाग दिसेल, पेला मिळणार नाही.

आम्ही गेलो ते फेब्रुवारीतल्या एका बुधवारी, तपोवन एक्स्प्रेसने. मी, यजमान आणि माझी नणंद. नाशिक रोडला माझे वडील, अण्णा, येऊन थांबले होते. त्यांना दुसऱ्या दिवशी डोळे तपासायला आमच्याकडे यायचं होतं, म्हणून मी म्हटलं, आज आमच्याबरोबर फिरा आणि संध्याकाळी सोबतच चला. अण्णा माळकरी आहेत. चाळीस वर्षं वारी चुकवलेली नाही. फोनवर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बाग बघायला येतो. पेल्याला हात लावणार नाही." मी म्हटलं, तुम्हाला कोण लावायला सांगतंय?

गंगापूर धरणाच्या अलीकडे एक लहान वाइनरी आहे, तिथे गेलो. दौऱ्यावर नेणारा मुलगा कृषी पदवीधर होता. अण्णांचं धोतर-टोपी बघून त्याने ओळखलं आणि आम्हाला थेट ओळींच्या आत नेलं. अण्णा दोन मिनिटं नुसते उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी खायची द्राक्षं पिकवली. आधी मांडव, मग वाय पद्धत, डोक्यावर पानांचं छत आणि खाली लोंबणारे घड. इथे पानांची उभी भिंत होती, तारांमध्ये बांधलेली, आणि घड गुडघ्याच्या थोडे वर, उघड्यावर. "पानं काढून घड उघडे केलेत," अण्णा म्हणाले. "हवा खेळती राहती. भुरी येत नाही." भुरी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग. मुलगा म्हणाला, "बरोबर, आजोबा." मग त्यांनी घड हातात घेतला आणि हसले. आमच्याकडे निर्यातीचा मणी अठरा मिलिमीटरचा व्हावा म्हणून किती खटपट. जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या पाण्यात घड बुडवायचे, विरळणी करायची, रात्री स्वप्नातसुद्धा मणी मोजायचे. इथला मणी त्याच्या निम्मा, आणि घड मुठीत मावेल एवढा. जीए नाही, फुगवण नाही. "हे बाजारात कोण घेईल?" अण्णांनी विचारलं.

कोणीच घेणार नाही. पण त्यातच सगळं आहे, श्रोतेहो. तिथे एक मणी तोडून खाऊन बघा, विचारून मात्र. शिराझ नावाचं काळं द्राक्ष होतं ते. मी दाताखाली फोडलं. आधी इतका गोडवा, की आपल्या खायच्या थॉम्पसन द्राक्षाने लाजावं. खायची द्राक्षं आपण सोळा-अठरा ब्रिक्सला काढतो, ही बावीस-चोवीसपर्यंत थांबवतात. ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. मग मागून आंबटपणा आला. मग जाड साल, चावत बसावी लागते अशी, आणि तिच्यातून जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते तसा तुरटपणा. शेवटी दोन टणक बिया. दुसरा मणी मी बोटांनी पिळला. रस निघाला तो जवळजवळ पांढरा, आणि बोटं जांभळी झाली. रंग सालीत असतो. रेड वाइनचा रंग, तुरटपणा, वासाचा बराचसा भाग, सगळं त्या सालीत. मणी लहान म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. आम्ही जे वाढवायला धडपडतो, तेच इथे मुद्दाम लहान ठेवतात.

एवढा एक मणी खाल्लात की पुढचं सगळं समजायला सोपं जातं. म्हणून माझी ती अट.

थंडीचंही असंच आहे. निफाडचा पारा घसरला की बातमी होते, ती तुम्ही दर वर्षी ऐकता. त्या रात्री आमच्या घरी झोप नसते. मणी तडकू नयेत, फुगवण थांबू नये म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्याच थंड रात्री वाइनच्या द्राक्षाला हव्या असतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर आहे. दिवसा ऊन साखर भरतं आणि रात्रीचा गारवा आंबटपणा टिकवून ठेवतो. आंबटपणा उतरला तर वाइन पिठूळ, निर्जीव लागते. एकाच तालुक्याची एकच थंडी, एका बागेला ताप आणि दुसरीला वरदान.

बागेतून आत गेलो. स्टीलच्या उंच टाक्या, बाहेरून घाम सुटलेल्या. पांढऱ्या वाइनला द्राक्षं लगेच दाबून नुसता रस थंड टाकीत आंबवतात, साधारण पंधरा अंशांच्या आसपास, सावकाश. लाल वाइन सालीसकट आंबते, जास्त उबेत. साली वर तरंगून जाड थर करतात आणि तो रोज खालच्या रसाने भिजवावा लागतो. मुलाने झाकण उघडून दाखवलं. आमची नणंद म्हणाली, "अगं, इडलीच्या पिठासारखं फसफसतंय." अगदी तसंच. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि वायू सोडतं. पलीकडे अंधाऱ्या खोलीत ओकची पिंपं, एकेक सव्वादोनशे लिटरचं. वास असा, की नव्या सुताराच्या दुकानात कोणी व्हॅनिला सांडलाय.

मग टेबल. पाच पेले, प्रत्येकात दोन-तीन घोट, साधारण तीस मिलीलिटर. क्रम हलक्याकडून जडाकडे असतो. आधी बुडबुड्यांची, मग पांढरी, मग गुलाबी, मग लाल, शेवटी गोड. पेला दांडीला धरा, नाहीतर हाताच्या उबेने वाइन तापते. आधी बघा, मग पेला गोल फिरवा, मग नाक आत घाला. घोट घेतला की तो गिळायची घाई नको. तोंडभर फिरवा. आणि टेबलावर एक पिकदाणीसारखं भांडं ठेवलेलं असतं. ते शोभेचं नसतं. चव घेऊन त्यात थुंकायला अजिबात संकोच करू नका, या धंद्यातले लोक दिवसभर तेच करतात. पाच पेले पोटात गेले की सहाव्याची चव कोणालाच कळत नाही.

सोव्हिन्यों ब्लाँ नावाच्या पांढऱ्या वाइनचा पेला आला तेव्हा वाढणारी मुलगी म्हणाली, "याला कशाचा वास येतो बघा." यजमान म्हणाले, लिंबू. नणंद म्हणाली, गवत. मला काही सुचेना. अण्णा टेबलाच्या कडेला पाण्याचा ग्लास घेऊन बसले होते. मी विचारलं, "अण्णा, नुसता वास घेता का? प्यायचं नाही." त्यांनी हात मागे बांधले, मान पुढे केली आणि लांबूनच श्वास घेतला. "पेरू," ते म्हणाले. "पिकलेला नाही. पाडाला आलेला. आणि पेरूचं पान चुरगळल्यावर येतो तसा." ती मुलगी बघतच राहिली. तिच्या कागदावर पहिलाच शब्द पेरू होता, दुसरा हिरवी मिरची. मग तिने प्रत्येक पेला आधी अण्णांपुढे धरला. त्यांनी एकालाही हात लावला नाही आणि एकाचाही वास चुकवला नाही. वाइनची चव म्हणजे निम्म्याहून अधिक वासच. ज्याने आयुष्य मातीत, पिकात, पिकलेल्या फळांत काढलं, त्याच्या नाकाला काय शिकवायचं? आणि तुमच्या आमच्या नाकालाही स्ट्रॉबेरी आणि पीचच शोधायला हवं असं नाही. करवंद म्हणा, जांभूळ म्हणा, कोकम म्हणा, ओली माती म्हणा. तुमचा शब्द चूक नसतो.

एक गोष्ट मात्र त्या टेबलाशी मला जड गेली. आपल्याकडे वाइन काही कालची नाही. नारायणगावला शामराव चौगुल्यांनी १९८०च्या दशकात सुरुवात केली. राजीव सामंतांनी १९९७ साली गंगापूरजवळ वेल लावले आणि २००० साली सुलाची पहिली वाइन आली, २००५ साली टेस्टिंग रूम. २००१ साली राज्य सरकारने धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क आखले, उत्पादन शुल्कात सूट दिली. भराभर वाइनरी उभ्या राहिल्या. त्या भरात माझ्या धाकट्या काकांनी एका कंपनीशी करार करून एकरभर वाइनची द्राक्षं लावली. मग २००८ची मंदी आली, मुंबईवरचा हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, वाइन टाक्यांतच राहिली. कंपनीने माल उचलला नाही. ही द्राक्षं मार्केट यार्डात विकता येत नाहीत, जाड सालीचं, बियांचं द्राक्ष कोण खाणार? काकांचे घड वेलीवर सुकले. पुढच्या वर्षी त्यांनी बाग मुळासकट काढली. त्या भागात अशा बागा कितीतरी निघाल्या. आज पुन्हा करार होतात, लोक पुन्हा लावतात, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण तुम्ही दौऱ्यावर जाल तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा. ही द्राक्षं तुमच्याच बागेतली, की करारावरच्या शेतकऱ्यांची? त्यांना भाव कसा ठरवून देता? चांगली वाइनरी हे मोकळेपणाने सांगते. आम्हाला त्या मुलाने गावांच्या नावांसकट सांगितलं.

आता काळजीचं. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट एकवीस वर्षांची आहे. गाडी चालवणाऱ्याने टेबलाशी बसू नये, थुंकणार असला तरी. कायद्याची मर्यादा रक्ताच्या शंभर मिलीलिटरमागे तीस मिलिग्रॅम आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण कायदा बाजूला ठेवा, कसारा घाट तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून मी रेल्वेच सांगते. स्टेशनवरून दिवसभरासाठी गाडी ठरवावी, चालकाला आपल्याबरोबर जेवायला बसवावं. रिकाम्या पोटी टेस्टिंग करू नये. पाणी भरपूर प्यावं. बाटली घेतलीत तर ती उन्हात गाडीत ठेवू नका, फेब्रुवारीतसुद्धा दुपारी ती वाया जाऊ शकते. आम्ही एकच घेतली, शिराझची, आणि नणंदेने ती ओल्या पंच्यात गुंडाळून पिशवीत ठेवली.

परतताना तपोवन भरलेली होती. अण्णांना खिडकी मिळाली. घोटी मागे पडलं, बाहेर अंधार झाला, यजमानांचा डोळा लागला. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, दमले असतील, किंवा आपण त्यांना उगीच तिथे नेलं. इगतपुरीला गाडी थांबली. चहावाला येऊन गेला. मग ते माझ्याकडे वळले.

"ते चौथं होतं ना, काळं. त्याचा वास मी त्या पोरीला करवंद सांगितला."

"हो अण्णा."

"त्याच्या मागं काळी मिरी होती. तवा ध्यानात आलं नाही. तिला फोन करून सांगशील का?"

नमस्कार.