‘माझे तास’

(माहितीपटाचं निवेदन)

हा जो कागद दिसतोय ना, त्यावर दोरा नाहीये, नुसती सुईची भोकं आहेत. शिलाई मशीनवर पहिल्यांदा बसणाऱ्या बाईला इथे, या शिवणवर्गात, कापड देतच नाहीत. रेघांचा कागद देतात आणि दोरा न ओवता त्या रेघेवरून मशीन चालवायला लावतात, आधी सरळ, मग नागमोडी, मग गोल. हातपाय एका तालात यायला वेळ लागतो, पायडल जरा चुकलं की चाक उलटं फिरतं, दोरा असता तर गुंतून तुटलाच असता. कागद फुकट गेला तर गेला, कुणी ओरडत नाही. चुकलं की मार बसायचा अशा घरातून निघून आलेल्या बाईला हे किती मोठं वाटत असेल.

चेहरे आम्ही मुद्दामच दाखवलेले नाहीत. कॅमेरा हातांवर ठेवलाय.

आता ही उरेब पट्टी. कापड तिरकं कापलं की त्याला ताण येतो, म्हणून गोल गळ्याला ती चुणी न पडता बसते. बसते म्हणजे काय, या हातांनी तीनदा उसवलीये.

(इथे निवेदन नाही. फक्त मशीनचा आवाज.)

आणि ही हिशोबाची वही. कापड, दोरा, बटणं, लाईटबिल, सगळं नीट लिहिलंय. ‘माझे तास’ हा रकाना मात्र कोरा. शिकवणाऱ्या ताई म्हणतात, दर बॅचला हेच होतं. होणारच ना, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१८ चा अहवाल सांगतो की जगात घरकाम आणि घरच्यांची देखभाल यात बिनपगारी जाणाऱ्या तासांपैकी ७६.२ टक्के तास बायकांचे असतात, मग जन्मभर फुकट राबलेल्या हातांना आपल्या वेळेचा भाव लावायचं एकदम कसं सुचेल? आमच्या मते खरं प्रशिक्षण या रकान्यापासून सुरू होतं. सर्टिफिकेट हातात देऊन फोटो काढायचा आणि मशीन कुठून येणार, गिऱ्हाईक कोण, पैसे तिच्याच खात्यात जातात का, यातलं काहीच बघायचं नाही, याला आम्ही प्रशिक्षण म्हणतच नाही.

मशीन एकरकमी घेणं पूर्वीही जमायचं नाही, म्हणून तर सिंगर कंपनीने १८५० च्या दशकातच ती हप्त्यावर द्यायला सुरुवात केली. इथेही हप्ताच आहे, फक्त पहिली कमाई हातात आल्यावर सुरू होतो.

शिकून झाल्यावर काहीजणी घरून ऑर्डरी घेतात, काही वर्कशॉपला लागल्या, काही मधेच सोडून गेल्या.

परत तीच वही. ताई विचारतात, किती वेळ लागला गं? ती बोटांवर मोजते आणि ‘पाच’ लिहिते. त्यात उसवायचा वेळ धरलाय का? हो. तो नको धरू, तो शिकण्याचा. ती खोडरबर घेते, पाच खोडते, चार लिहिते.